मुकादमाचा आराखडा

दि. ६ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अ. आ. वि. वि.

तू गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की कानातलं यंत्र बिघडलं असं समजून मी त्याची बॅटरी दोनदा बदलली. यंत्र ठणठणीत आहे. ऐकण्यासारखंच काही उरलेलं नाही.

पाय बरा आहे. सकाळी बाई येऊन अंघोळ, स्वयंपाक उरकून देतात. अकराला व्यायाम करून घेणारा मुलगा येतो, त्याचं नाव मी कवायत मास्तर ठेवलंय. वॉकर धरून मला पलंगापासून खिडकीपर्यंत नेतो, परत आणतो, आणि एवढा खूश होतो की मलाच त्याची कीव येते. खुब्याचं हाड जुळायला तीन महिने लागतील म्हणतात. तीन तर तीन. तीन महिने झाले की तुझा भाऊ, आपला मुकादम, त्या संस्थेतून घरी, हे मी कवायत मास्तरालाही सांगून ठेवलंय. तेवढ्यासाठीच मी त्याची दादागिरी सहन करते.

तू दवाखान्यात आणून दिलेला तो अठरा पानी फॉर्म भरून परवा त्या संस्थेला पाठवला. 'वैयक्तिक आधार आराखडा' म्हणे. तुझ्या भावाला मी चव्वेचाळीस वर्षं बिनआराखड्याचं वाढवलं, पण ते जाऊ दे. काय आवडतं, काय खपत नाही, स्वतःचं स्वतः काय करतो, कुठे हात द्यावा लागतो, सगळं विचारलंय. पहिल्या पानावर 'मी स्वतःबद्दल' असा मथळा आणि खाली नुसती कोरी जागा. ते म्हणे त्याने स्वतः सांगायचं. तो काय सांगणार, कपाळ! दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तेही पान मीच भरलं. त्याच्या मनातलं मला त्याच्या आधी कळतं.

चहा कोमट लागतो, शर्टाचं वरचं बटण लावलेलं चालत नाही, असं सगळं लिहिलं. कोणी काम करत असलं की हा हात मागे बांधून शेजारी उभा राहतो, त्याला हाकलू नये, तो देखरेख करत असतो, हेही लिहिलं. आपल्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरवर त्याने अडीच तास देखरेख केली होती आणि शेवटी तो बिचारा ह्यालाच साहेब म्हणायला लागला होता, आठवतं? त्या दिवसापासून तर तो मुकादम झाला.

'कशाने अस्वस्थ होतो' ह्या ओळीशी मात्र अडले. मग लिहिलं की माझं नाव निघालं की. मी पडले कशी, आहे कुठे, काहीही त्याला सांगू नये, माझा विषयच काढू नये. तुझे बाबा गेले तेव्हा आपण हेच केलं होतं आणि आठ दिवसांत तो नीट जेवायला लागला होता. लिहून पेन थोडा वेळ खाली ठेवलं. पण त्याच्या भल्याचं तेच आहे.

दुपारी त्याच्या खोलीत जाऊन बसते. काम काही नसतं तिथे.

तुझ्या पुलाला माझा आशीर्वाद सांग. तुला तर तो न मागताच आहे.

तुझी,
आई

*

दि. १५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे पत्र आलं की साइटवरचे सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मी मागच्या शतकातून आले आहे. त्यांना काय माहीत, माझी आई फोनवर फक्त 'काय? काय?' एवढंच म्हणते आणि मोबाइलवरची अक्षरं तिला मुंग्या दिसतात. मला पत्रच बरं वाटतं. दोनदा वाचता येतं.

पुलाचे दोन्ही भाग दोन काठांकडून पुढे सरकत चाललेत. मधला तुकडा मेच्या मध्यापर्यंत बसायला हवा, आणि तोवर मला इथून हलता येणार नाही. दिवसभर पत्र्याच्या ऑफिसात नकाशे आणि बाहेर धूळ. कवायत मास्तराला छळू नकोस. त्याच्या जागी मी असते तर तुला खिडकीपाशीच ठेवून घरी गेले असते.

मुकादमाला संस्थेत सोडलं त्या दिवसाबद्दल तुला नीट सांगितलंच नाही. घाई होती, आणि तू दवाखान्यात अर्धवट गुंगीत होतीस. गाडीत बसायच्या आधी त्याने मागची सीट बघितली, मग पुढची बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मुकादम गाडी तपासतोय. काही विचारलं नाही त्याने. तिथे पोचल्यावर एक रंगारी फाटकाला रंग देत होता, तर हा लगेच हात मागे बांधून उभा राहिला. मी त्याला म्हटलं की इथे काही दिवस काम आहे. आणि तो रंग बघण्यात गुंतला तशी मी निघून आले. तू बजावलं होतंस म्हणून तुझं नाव काढलं नाही. पण त्याचं ते मागच्या सीटकडे बघणं डोक्यातून जात नाही. आपण बरोबर केलं ना, आई?

एक गुन्हा कबूल करते. तू शिलाई मशीनवर बसलेली आहेस तो छोटा फोटो मी त्याच्या पिशवीत तळाशी घातला. रागावू नकोस.

आणि ते तीन महिन्यांनी घरी आणण्याचं. तू ठरवलंस तसं लिहिलं आहेस, म्हणून आत्ता वाद घालत नाही. पण पुढच्या वाढदिवसाला तू पंचाहत्तर पूर्ण करशील आणि पडदा लावायला अजूनही स्टुलावर चढतेस. कधीतरी बोलायला लागेल आपल्याला.

माया आहेच तुझी, ती अशीच ओतत राहा. इथे दुसरं काही गोड मिळत नाही.

तुझी,
थोरली

*

दि. २८ फेब्रुवारी

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही. आपल्या मुलाचा आराखडा सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे त्यात लिहिलंय तसं घडतंय की नाही हे बघायचं आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी एकत्र बसून तो तपासायचा. आपण फोनवर ऐकू शकत नाही असं आपल्या मुलीने सांगितलं, म्हणून हे पत्र.

आपण इतकं बारकाईनं लिहिलंय की आमचं काम सोपं झालं. चहा कोमट करून देतो. वरचं बटण मोकळं ठेवतो. आपला विषय कुणीही काढलेला नाही, नव्या माणसांनाही तशी सूचना दिली आहे.

त्यांना आम्ही लाँड्रीत घेतलं. आमची लाँड्री शेजारच्या रुग्णालयाचं कापड धुते. पहिले दोन दिवस त्यांनी नुसती देखरेख केली. तिसऱ्या दिवशी एक चादर उचलली. मोठ्या चादरीची घडी दोघांनी मिळून घालावी लागते, दोन टोकं धरून एकमेकांकडे चालत यायचं असतं. त्यांची जोडी इथल्या एका बडबड्या बाईंशी जमली आहे. बाई अखंड बोलतात, हे अखंड ऐकतात. ह्यांच्या घड्या इतक्या काटेकोर असतात की रुग्णालयातून निरोप आला, हे कोण नवीन.

जेवण व्यवस्थित. रडणं नाही, त्रागा नाही. आपली आठवणही त्यांनी काढलेली नाही. पिशवीत आपला फोटो होता तो त्यांनी स्वतःच टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवून दिला. फार लवकर रुळले, असंच आम्हा सगळ्यांचं मत आहे.

तब्येतीला जपावं. स्नेह वाढत राहावा, एवढीच अपेक्षा.

आपली नम्र,
समन्वयक

*

दि. ७ मार्च

चि. थोरलीस,
अ. आ. वि. वि.

संस्थेतून पत्र आलं, सोबत त्याची नक्कल पाठवते आहे. बाई चांगल्या दिसतात. अक्षर टपोरं आहे.

तुझा लाडका भाऊ चादरींच्या घड्या घालतो! ह्या घरात चव्वेचाळीस वर्षांत त्याने रुमालाची घडी घातली नाही. घालू दिली नाही म्हण हवं तर. मी असताना कशाला घालेल?

फोटो टाकून दिला त्याने. तू रागावू नकोस म्हणालीस, मी कशाला रागावू, त्यानेच निकाल लावला. बरं झालं, लवकर विसरला. हेच तर मी फॉर्मात मागितलं होतं, आणि मागितलं ते मिळालं. मला आनंद व्हायला हवा, होय ना? नाही झाला. खरं सांगते तुला, नाही झाला. पत्र वाचलं आणि कामाच्या बाईंना सांगितलं की डोळ्यांत साबण गेला. मी तेव्हा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, त्यामुळे बाईंना पटलं असेल असं वाटत नाही.

सकाळी अजून दोन कप चहा ओतते. एक कोमट व्हायला बाजूला ठेवते, मग लक्षात येतं. काल शेजारणीच्या झग्याची बाही उसवून जोडायला घेतली, पुन्हा थोडं काम सुरू करावं म्हणून, तर उलटी जोडली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. तो टाचण्यांचा डबा घेऊन मशीनपाशी उभा राहायचा तेव्हा मी त्याला सारखी बाजूला हो, उजेड अडवू नकोस म्हणायची. आता भरपूर उजेड आहे.

लेकरू विसरलं तर विसरू दे. घरी आलं की पुन्हा आठवेल. मी आता खिडकीपासून जिन्यापर्यंत जाते. कवायत मास्तर म्हणतो मी त्याची सगळ्यात हट्टी पेशंट आहे. एप्रिल संपला की मी स्वतः जाऊन त्याला घेऊन येणार, तू कितीही वाद घाल.

जीवाला जप. माझा जीव दोन गावांना टांगलाय, त्यातलं एक तू आहेस.

तुझी,
आई

*

दि. १४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. कामाच्या बाईंना जवळ बसव.

तू पाठवलेली नक्कल मी दुपारी ऑफिसात वाचली आणि टॉवेलापाशी थांबले. आई, फोटो टॉवेलात गुंडाळून सगळ्यात खालच्या खणात कोणी ठेवला होता? मी. अकरा वर्षांपूर्वी, बाबांचा. तूच म्हणालीस, त्याच्या नजरेला पडायला नको. मी तो भिंतीवरून काढला, अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळला आणि बाबांच्या कपाटात खाली ठेवला. आणि मुकादम दारात हात मागे बांधून उभा होता. माझ्या कामावर देखरेख करत होता. त्याने बघून ठेवलं, माणूस गेलं की त्याचा फोटो कुठे ठेवायचा असतो.

आता पुढचं बघ. बाबांना अँब्युलन्समधून नेलं, ते परत आले नाहीत आणि त्या दिवसापासून घरात कोणी त्यांचं नाव घेतलं नाही. तुलाही त्याच्या डोळ्यांसमोर अँब्युलन्समधून नेलं. तू परत दिसली नाहीस. आणि कोणीही तुझं नाव घेत नाही. आपण तशी ताकीदच देऊन ठेवली आहे, अठरा पानांत, तुझ्या सुबक अक्षरात.

तो तुला विसरलेला नाही गं. त्याला वाटतंय तू गेलीस. महिनाभर तो एकटा तुझं सुतक मनात घेऊन चादरींच्या घड्या घालतोय आणि आपण म्हणतोय की छान रुळला.

माझं चुकत असेल, चुकलेलं असू दे. मी लगेच समन्वयक बाईंना फोन केला आणि तुला न विचारता सांगितलं की आराखडा ठेवा बाजूला, त्याला सरळ विचारा की तुझी आई कुठे आहे. त्या तुला कळवतील. मी अधिकार ओलांडला असं वाटलं तर रागाव, पण आधी त्यांचं पत्र वाच.

तुला मिठी मारायला इथून दोन दिवस लागतील आणि मी निघू शकत नाही. असं कधी वाटलं नव्हतं.

तुझी,
थोरली

*

दि. १५ मार्च

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

काल आपल्या मुलीच्या फोननंतर लाँड्रीतलं काम संपल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं की आई कुठे आहे. त्यांनी हातातला अभ्रा आधी नीट घडी करून ठेवला. मग म्हणाले की बाबांकडे.

मी लगेच सांगितलं की नाही, आई घरी आहे, तिचा पाय मोडला होता, तो बरा होतोय. त्यांनी मान हलवली. मी खालच्या खणातला फोटो काढून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि जागेवर ठेवला. आज सकाळीही सांगून पाहिलं. माझ्या बोलण्यावर विश्वास नाही त्यांचा, आणि का असावा? महिनाभर मी त्यांच्याशी ह्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

चूक आमची आहे, काकू. पहिलं पान त्या माणसाचंच असतं. ते फार बोलत नाहीत म्हणून आम्ही आपलं अक्षर त्यांचं मानून पुढे गेलो. वीस वर्षं हे काम करते आहे, मला कळायला हवं होतं.

आपल्याला गाडीने येणं कधी जमेल? डॉक्टरांना विचारून कळवावं. घाई करा असं म्हणवत नाही, पण म्हणायचं तेच आहे.

आपली,
समन्वयक

*

दि. १९ मार्च

चि. समन्वयक बाईंस,
अ. आ. वि. वि.

तुमचं आणि माझ्या लेकीचं पत्र एकाच टपालाने आलं. डॉक्टर म्हणतात अजून पाच आठवडे गाडीत दोन तास बसायचं नाही. कवायत मास्तर म्हणतो खुबा सरकला तर पहिल्यापासून सुरुवात. मी रविवारी येते आहे. टॅक्सी ठरवली. कवायत मास्तर सोबत येणार आहे, रागारागात, पण येणार आहे.

तोवर रोज माझं नाव घ्या. मी लिहिलेल्या त्या ओळीवर काट मारा आणि त्याच्यासमोर मोठ्याने आई म्हणा.

मुलीसारख्या आहात म्हणून तुम्हाला रागवावंसं वाटलं होतं. नाही रागवत. लिहिलं मी होतं.

त्याची,
आई

*

दि. २५ मार्च

चि. थोरलीस,
अ. आ. वि. वि.

जाऊन आले. खुबा जागेवर आहे. तू काळजी करू नकोस, कवायत मास्तर दोघांपुरती करतो आहे.

काय काय मनात धरून गेले होते! की धावत येईल, गळ्यात पडेल. लाँड्री म्हणजे मोठा उजळ हॉल आहे, एका बाजूला यंत्रं घुमत असतात, मधे लांबलचक टेबलं आणि सगळीकडे गरम कापडाचा वास. तो पाठमोरा होता. बडबड्या बाईने मला आधी पाहिलं आणि ती एकदम बोलायची थांबली, म्हणून हा वळला.

बघत राहिला. मग चालत आला तो माझ्याकडे नाही, वॉकरकडे. वाकून चारही पायांची रबरं तपासली. एक स्क्रू बोटाने फिरवून बघितला. माझ्या बुटाकडे बघितलं, पदराला हात लावला, आणि वळून परत कामाला गेला. पाठ करून. एक तास, थोरले. एक तास मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याची पाठ बघितली. तो रागावला होता. तो असा रागावू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यावर रागवायची वेळ मी त्याच्यावर कधी येऊच दिली नव्हती. मी म्हटलं, रागव बाबा, रागव, मेलेल्या माणसावर कोणी रागवत नाही.

तासाभराने एक चादर घेऊन आला आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. मला काही उठून चालता येत नव्हतं. मग तोच मागे मागे गेला, चादर ताणली, आणि पूर्ण अंतर एकटा चालत माझ्यापर्यंत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. टोकं जुळवताना बोटाला बोट लागायचं. आम्ही अकरा चादरींच्या घड्या घातल्या. बडबडी बाई रडत होती आणि मी यंत्र काढून ठेवलं होतं, म्हणजे मला माझंच नाक ओढलेलं ऐकू येऊ नये.

किती दिवसांनी त्याच्या डोक्याचा वास घेतला! साबण निराळा आहे तिथला.

निघायचं कसं, हा प्रश्न होताच. पण ते मी नीट निभावलं. रडारड नको म्हणून तो चादरींची टोपली आत ठेवायला गेला तेवढ्यात हळूच निघाले. आता एप्रिलअखेर बैठक आहे, आराखडा तपासायची. तेव्हाच त्याला घेऊन येईन. खोली झाडून ठेवली आहे.

तुझ्या मायेची सावली माझ्यावर असू दे. वय झालं म्हणून उलटं मागते आहे.

तुझी,
आई

*

दि. ३ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की नकाशावर चहा सांडला. आणि मग समन्वयक बाईंशी बोलले. तुला पाय सांभाळून राहायचं म्हणून त्या लिहायला कचरत होत्या. मी लिहिते, कारण कोणीतरी लिहायला हवं.

टोपली ठेवून तो बाहेर आला तेव्हा तू नव्हतीस. त्याने लाँड्री शोधली. टेबलांखाली बघितलं. स्वयंपाकघर, फाटक, प्रत्येकाची खोली. मग खालच्या खणातला टॉवेल काढून उघडून बघितला, फोटो आत आहे का. होता. दोन दिवस तो कामाला गेला नाही.

आई, आपण सगळे असेच निघतो. मला पहिल्यांदा वसतिगृहात सोडलंस तेव्हा मी गादी पसरत होते आणि वळून बघते तर तू गेलेली. तुला वाटलं माझं रडणं वाचवलंस. मी ते नंतर रडले, एकटी, आणि तुला कधी सांगितलं नाही. त्याच पद्धतीने मी मुकादमाला रंगाऱ्यापाशी ठेवून निघून आले. बाबांना तर सांगायला वेळच मिळाला नाही. त्याच्या आयुष्यातलं प्रत्येक माणूस त्याची पाठ वळली की नाहीसं होतं.

तुला दुखवायचं नाही मला. तू जे केलंस ते प्रेमानेच केलंस, म्हणून तर ते मला इतक्या वर्षांत बोलता आलं नाही.

बैठकीत त्याला विचारू दे त्यांना. तूही विचार. आणि जे येईल ते ऐकून घे, यंत्र लावून.

रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस, एवढं मागणं आहे.

तुझी,
थोरली

*

दि. २८ एप्रिल

चि. थोरलीस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी रागावले, मग तुझ्या वसतिगृहाचा जिना आठवला. मी त्या जिन्यावर बसून होते गं, बराच वेळ, वर तू आहेस म्हणून. वर येऊन सांगायचं धैर्य नव्हतं. तुझं रडणं नव्हे, माझं वाचवत होते. आता कळून काय उपयोग, पण तुला सांगितलेलं बरं.

बैठक काल झाली. एका खोलीत गोल टेबल, चहा, समन्वयक बाई, लाँड्रीचे प्रमुख, मी, आणि मुकादम. तो बरोबर दाराकडे तोंड करून बसला, आत येणाऱ्यावर लक्ष राहावं म्हणून. बाईंनी चित्रं आणि फोटो काढून आणले होते. त्यात आपल्या घराच्या दाराचा फोटो होता, तूच पाठवलास म्हणे. मला आधी सांगितलं नाहीस. बरं केलंस.

पहिलं पान पुन्हा कोरं करून घेतलं होतं. बाईंनी त्याला विचारलं की तुझ्याबद्दल काय लिहू. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. देवाशपथ मिटलं. यंत्र लावलेलं होतं, घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. मग तो म्हणाला की मी चादरी बघतो. बाईंनी तेच लिहिलं.

मग दोन फोटो त्याच्यासमोर ठेवले, आपलं दार आणि संस्थेचं फाटक, आणि विचारलं की कुठे राहायचं. मी घरून निघताना त्याचा पलंग करून आले होते, तुला खोटं कशाला सांगू. नवी चादर घातली होती. मनात म्हणत होते, दार उचल, राजा, दार उचल.

त्याने दोन्ही उचलले. घराचा फोटो माझ्यासमोर ठेवला आणि फाटकाचा स्वतःसमोर. माणसांना कामं वाटून द्यावीत तसा. आई तिकडे, मी इकडे, असं म्हणाला. मी न राहवून विचारलंच की माझ्याबरोबर नाही का यायचं. त्याने टेबलावरून हात पुढे करून माझ्या मनगटावर थोपटलं, तू लहानपणी पडलीस की मी थोपटायची तसं. आणि सांगितलं की चादरी आहेत.

खूप दुखलं, थोरले. चव्वेचाळीस वर्षं मला वाटत होतं की माझ्यावाचून त्याचं चालणार नाही. कोणाचं कोणावाचून चालत नव्हतं हे काल समजलं. पण गंमत बघ, दुखत असताना कुठेतरी मी फुगलेही होते. माझा मुलगा म्हणाला की त्याला काम आहे.

बाईंनी विचारलं की आईने यायचं का. यायचं, म्हणाला. रविवारी. आणखी काही लिहायचं का असं विचारल्यावर त्याने बोट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की जाताना सांगायचं. मला सुटल्यासारखं झालं आणि मी तिथल्या तिथे त्याला सांगायला लागले की सांगेन रे, नक्की सांगेन, न सांगता कधी म्हणजे कधी जाणार नाही, असं किती वेळा म्हटलं कोण जाणे. त्याने एक बोट वर केलं. एकदाच, म्हणाला. बाईंनी हसू दाबून तेही लिहून घेतलं. आता छापील आराखड्यात, सातव्या पानावर, माझ्या भेटीच्या रकान्यात असं आहे: आईने रविवारी यावे. संध्याकाळी जावे. जाताना सांगून जावे. एकदाच. खाली त्याने स्वतःचा अंगठा उमटवला आणि शेजारी मी सही केली.

संध्याकाळी तो चादरी मोजायला निघाला तेव्हा मी त्याच्यासमोर वॉकर घेऊन उभी राहिले, डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं की मुकादम, मी आता घरी जाते, रविवारी येते. त्याने मान डोलावली आणि कामाला गेला. रडला नाही. टॅक्सीपर्यंत पोचले आणि जीव असा मागे ओढला की परत आत जाऊन पुन्हा एकदा सांगावं, नुसतं सांगायच्या निमित्ताने बघावं. कवायत मास्तराने दार उघडून धरलं होतं. मी बसले. एकदाच असं लिहिलंय, आणि सही माझी आहे.

तू जेव्हा येशील आणि जाशील, तेव्हा मला सांगून जा. मीही तसंच करेन.

तुझी,
आई